ताडपत्रीखालचा सोलर

बोलायची मला मुळीच हौस नव्हती. घरची सून छतावर कपडे वाळत घालताना म्हणाली, "सांगून टाक एकदा, मोकळं वाटेल." मोकळं म्हणे. ऐका तर. मी छतावरचा सोलर बोलतोय, आणि गोड बोलणं मला जमत नाही.

कारखान्यात मला काचेखाली बसवलं ते उन्हासाठी. ऊन खायचं, वीज द्यायची, दुसरी विद्या मला नाही. आणि आणलं या वाळवंटातल्या शहरात, जिथे महिनोन्‌महिने ढग दिसत नाही. घराघरावर एवढं ऊन फुकट सांडतंय, आणि खाली माणसं "लाइट गेली" म्हणून रडतायत. वर बघायला यांच्या माना दुखतात.

मला घेतलं मालकाच्या आईसाठी. म्हातारी वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. दुपारी लाइट हमखास जायची, कूलर बंद पडायचा, तिचा जीव कासावीस व्हायचा. तो कूलर माझ्यावर जोडला. पहिल्याच दुपारी ती म्हणाली, "कोण रे हा पुण्यवान?" तेवढंच काय ते कौतुक.

मालक जन्मभर गोदाम सांभाळून निवृत्त झालेला. दिसेल ते झाकायची खोड. रिमोट पिशवीत, सोफा प्लास्टिकात. चौथ्या दिवशी, सून कपडे वाळत घालून खाली गेल्यावर, ताडपत्री घेऊन वर आला.

"नवी वस्तू आहे, उन्हानं खराब होईल," म्हणत मला झाकलं, कोपऱ्यांवर विटा ठेवल्या. उघडलं थेट पाच वाजता, ऊन कलल्यावर. रोज हेच. मासा भिजेल म्हणून त्याला पाण्याबाहेर काढणारी अक्कल.

कूलर बंद तो बंदच. मालक शेजाऱ्याला सांगतो, "फसवलं हो. डबडं निघालं. उद्या परत देऊन येतो."

"तरी मी सांगत होतो," शेजारी म्हणाला. काय सांगत होता, कपाळ.

त्याच दुपारी म्हातारीनं डोळे फिरवले. सून तिच्या तोंडावर पाणी मारून तडक वर आली. ताडपत्री दिसताच तिनं विटा लाथेनं उडवल्या, ताडपत्री ओढून काढली. खाली कूलर घरघरला.

मालक धापा टाकत आला. "अगं, करपेल ना ते."

"बाबा, ते उन्हावरच चालतं. करपत होत्या त्या आजी."

मालकानं ताडपत्रीची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

म्हातारी वाचली. आता दुपारभर घोरते, मला वरपर्यंत ऐकू येतं. सून आठवड्यातून दोनदा फडक्यानं माझी धूळ पुसते. आजूबाजूची छतं अजून रिकामीच तापतायत. अरे, जरा हात-पाय हलवा. आणि बसवलंत तर उघडं ठेवा, एवढंच मागणं.

मालकानं आईच्या पायांवर डोकं ठेवलं. सुनेलाही म्हणाला, "चुकलं माझं." शेजाऱ्याला मात्र सांगितलं, "बिघडला होता, मी दुरुस्त केला."

मला डबडं म्हणाला होता, त्याचं काय? माफी यायची राहिलीय ती एकाच माणसाकडून. या घरचा मालक, तो गोदामवाला.