आरोपी मयत, गाडी हजर

खरं तर मी हे कुणाला सांगायचं नव्हतं. वकीलबाईंनी मास्तरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, बजावलंय, निकालापर्यंत चकार शब्द काढायचा नाही. माझ्या काचेवरही कागद आहे: 'मुद्देमाल. हात लावू नये.' बोलू नये असं मात्र त्यावर लिहिलेलं नाही.

मी एक पांढरी गाडी, ड्रायव्हिंग शिकवणीची. मला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या. अकरा वर्षं आम्ही त्याच चार गल्ल्या घासल्या. घाबरलेल्या पोरींच्या घामाने माझं स्टिअरिंग ओलं व्हायचं. मास्तर कधी ओरडले नाहीत. "चल बेटा, माझा पाय आहे ब्रेकवर," एवढंच म्हणायचे.

एका रविवारी त्यांच्या मेहुण्याने मला मागून नेलं आणि डिकीत चोरीच्या औषधांची खोकी भरली. संध्याकाळी मला तशीच दारात सोडून तो पळाला. सापडलो मास्तर आणि मी. खटला उभा राहण्याआधीच मास्तरांचं हृदय बंद पडलं. कोर्टाने लिहिलं, आरोपी मयत, खटला समाप्त.

मला वाटलं, आता घरी. कसलं काय! मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, गाडीवर चालतो. मास्तरांचा गुन्हा सरकारला सिद्ध करावा लागला असता. माझं निर्दोषपण मात्र काकूंनी सिद्ध करायचं. तीस दिवसांत हक्क सांगा, अशी नोटीस निघाली तीही मास्तरांच्याच नावाने. पोस्टमनने 'मयत' लिहून परत नेली. कोर्टात शेरा पडला: मालक गैरहजर. अरे, हजर कुठून राहणार?

पंचनाम्यात माझा दुसरा ब्रेक 'संशयास्पद बदल' म्हणून नोंदलाय. आणि दोन लाख किलोमीटर चालले, म्हणजे मी मालच वाहत असणार!

"अहो, हिने चौथा गिअर पाहिलेला नाही," काकू कारकुनाला म्हणाल्या.

"काकू, तुमच्यावर काहीच नाही. प्रकरण गाडीवर आहे."

"मग तिलाच विचारा."

कुणी विचारलं नाही. कोर्टामागच्या आवारात माझी चाकं बसली. काकूंनी आता शिकवण्याचा परवाना काढलाय, नऊ पोरी वाट बघताहेत. उशिरा आलेला त्यांचा अर्ज घ्यायचा की मला लिलावात काढायचं, हे आज ठरणार. काकू कोर्टाच्या खिडकीशी उभ्या आहेत, हाताची घडी घट्ट.

मला विचारलंच, तर मी सांगेन की त्या रविवारी मास्तर शेजारच्या सीटवर नव्हते. ते घरी माझी सीटकव्हरं धूत बसले होते, आणि संध्याकाळी मी परत आल्यावर ती घालताना त्यांनी डिकी उघडली असती तर त्यांना...

"सरकार विरुद्ध पांढरी मोटार! कोण आहे तिच्या बाजूने?"