निशाणावरचा दिवा

मी निशाणावरचा दिवा बोलतोय. खरं तर माझा जन्म ट्रकच्या मागे लुकलुकायला झाला होता, पण ऑर्व्हिलनं मला भंगारातून उचललं आणि पोलादी ताटाच्या ऐन मध्यावर बसवलं. मी पेटलो की समोरच्यानं कमरेचं रिव्हॉल्व्हर उपसायचं, अंगठ्यानं घोडा ओढायचा आणि ताटावर मेणाची गोळी हाणायची. सगळं पापणी लवायच्या आत.

अमेरिकेतल्या आमच्या नेवाडातल्या या गावात आठवडाभर विमे विकणारी, नळ दुरुस्त करणारी माणसं रविवारी रुंद काठाच्या टोप्या घालून या झटपट नेमबाजीच्या शर्यतीला उतरतात आणि एकदम खुंखार होतात. दंतवैद्य एल्डन प्रूइट इथे 'काळा विंचू' असतात. नेम चुकला की दोष वाऱ्याचा, काडतुसाचा, नाहीतर माझा.

विंचूसाहेबांची मात्र माझ्याबद्दल कधी तक्रार नव्हती, कारण ते माझ्याकडे बघतच नसत. दरवर्षी तेच जिंकत, आणि मला ते फार लागायचं.

बटण ऑर्व्हिलच्या हातात. नेमबाज उभे राहतात त्या रेषेच्या बाजूला खुर्ची टाकून तो गालात तंबाखू चघळत बसे. "सावध" म्हणे, आणि बटण दाबायच्या क्षणभर आधी त्याचं चघळणं थांबे. त्याला स्वतःलाही याचा पत्ता नव्हता. डॉक्टरांना होता. जन्मभर लोकांचे जबडेच बघत आलेला माणूस तो.

यंदा जिंकले की बक्षिसाचं, कमरपट्ट्याचं चांदीचं बक्कल कायमचं त्यांचं होणार होतं. त्यासाठी दिवाणखान्यात काचेची पेटीही तयार होती. अंतिम फेरीत समोर होती टपाल वाटणारी नोरीन. पण शुक्रवारी ऑर्व्हिलची दाढ ठणकली. ती डॉक्टरांनीच उपटली आणि सवयीनं दम भरला, "तंबाखू बंद."

रविवारी ऑर्व्हिल तोंडात कापूस कोंबून बसला. डॉक्टरांची नजर त्या स्थिर जबड्यावर खिळलेली. मी पेटलो. नोरीनची गोळी ताटावर वाजली, तरी डॉक्टरांचं रिव्हॉल्व्हर कमरेलाच. मग दचकून त्यांनी बार काढला, तो स्वतःच्याच बुटापाशी.

"दिवा उशिरा पेटला," डॉक्टर म्हणाले.

"नोरीनला तर वेळेवर दिसला, डॉक्टर," ऑर्व्हिल कापसातून बोलला.

डॉक्टरांना खरं कारण सांगायची सोय नव्हती. मग मोठ्या माणसाचा मान राखायला मलाच काढून टाकलं. आता मी ऑर्व्हिलच्या खुराड्यात टांगलेला असतो. कोंबड्या निदान माझ्याकडे बघतात तरी.

परवा डॉक्टर जखम बघायच्या निमित्तानं इथेच आले. इकडे तिकडे बघून त्यांनी ऑर्व्हिलच्या हातात तंबाखूची पुडी ठेवली.

"भरलीय जखम. थोडी घेतलीस तर काही बिघडत नाही."

"सोडली मी," ऑर्व्हिलनं पुडी परत दिली. "कायमची. तुमचेच उपकार, डॉक्टर."

डॉक्टरांनी पुडी खिशात घातली. मग त्यांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

मी पेटलेलाच होतो.