उंबऱ्यातलं सिमेंट

आर्सेनिओच्या गाडीत लोखंड कुठं उरलंय ते मी हातोडीनं ठोकून बघत होतो, आणि जिथं ठोकावं तिथं नुसतं धप्प. चांगला पत्रा कसा टणकन बोलतो! हा केव्हाच मेला होता.

आमच्या गिबारा गावात समुद्र दारातच. उत्तरेचा वारा सुटला की खारं पाणी रस्ता ओलांडतं आणि गाड्यांच्या पोटात शिरतं. इस्पितळाच्या मागच्या फेरीला तर चालत्या गाडीत नेरेइदाच्या बाजूचं दार उघडलं. आर्सेनिओनं एका हातानं स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हातानं बायको.

नेरेइदाच्या किडन्या गेल्यात. रक्त धुवायला तिला होल्गिन शहरातल्या इस्पितळात न्यावं लागतं. एक फेरी चुकली की अंग सुजतं, दोन चुकल्या तर पुढचं कुणी बोलत नाही. अँब्युलन्स डिझेल मिळालं तर येते, म्हणजे येत नाही. शेजाऱ्यांच्या गाड्यांना टायर नाहीत, पेट्रोल नाही. बहाणे नव्हेत, खरंच नाही. ही एकच गाडी, आणि सोमवारी जायचं होतं.

गाडी पुढून-मागून जॅकवर चढवली आणि दाराखालचा उंबरा, म्हणजे तिचं वजन पेलणारी पोकळ पट्टी, छिन्नीनं उघडला. वरची पुट्टी निघाली, आणि आत चक्क सिमेंट!

"हे कुणाचे उद्योग?"

"बाबांचे," आर्सेनिओ छाती काढून म्हणाला. "तेव्हा पत्रा मिळत नव्हता. किनाऱ्यावरची वाळू आणली, सिमेंटमध्ये कालवली आणि दोन्ही बाजूंना ठासून भरली. म्हणायचे, आता बॉम्ब पडला तरी हलायची नाही."

"समुद्राची वाळू? अरे, मीठच भरलं की लोखंडात! आतून खाऊन फस्त केलंय सगळं."

"मेलेल्या माणसाला नावं ठेवू नकोस."

"जिवंत असता तर हीच हातोडी त्याच्या टाळक्यात घातली असती!"

तो हसला. मग मी त्याला बजावलं, अगदी बोट नाचवून. "हे बघ, पलीकडच्या बाजूला हात लावायचा नाही. ही बाजू मी उघडलीय, गाडी आता तिकडच्या सिमेंटच्या जिवावर उभी आहे. आधी मी दारांच्या चौकटीत आडव्या सळया वेल्ड करणार, मग ही बाजू, मग ती. कळलं का?"

"कळलं रे बाबा! कुक्कुलं बाळ आहे का मी?"

वीज गेलेलीच होती. ती येईपर्यंत जुन्या फ्रीजचा पत्रा कापून आणावा म्हणून मी मागच्या गल्लीत गेलो. परत येताना लांबूनच छिन्नीचा आवाज आला आणि मी धावत सुटलो.

पलीकडचा उंबरा त्यानं पार रिकामा केला होता. अंगभर धूळ, आणि तोंडभर हसू. किती महिन्यांनी असा खुलला होता मेला!

"बघ, तुझं अर्धं काम वाचवलं!"

"बाजूला हो! हो बाजूला!"

तो मागं सरला आणि गाडी कण्हली. दोन टोकांना जॅक होते, मध्ये काहीच नव्हतं. कंबर खचली, टपाला सुरकुत्या पडल्या, चारही दारं चिणल्यासारखी बसली. गंजाचा लाल भुगा सांडत राहिला.

"मध्ये जॅक लावून उचलू ना?" आर्सेनिओ म्हणाला.

"कशाच्या खाली लावू? टेकवायला लोखंड नको?"

"मला वाटलं, लवकर होईल. सोमवार आहे रे."

त्याला चार शिव्या हासडायच्या होत्या. पण मला रडू येत होतं.

आवाज ऐकून नेरेइदा बाहेर आली. सुजलेले पाय सावकाश टाकत तिनं गाडीला एक चक्कर मारली. आपल्या बाजूचं दार ओढून पाहिलं. मग आत गेली. मी आर्सेनिओजवळ जमिनीवर बसलो.

बऱ्याच वेळानं ती कॉफी करून घेऊन आली. घट्ट, खरी कॉफी. आमच्याकडे हल्ली वासालाही मिळत नाही ती.

"एवढी कुठून आणलीस?" मी विचारलं.

"सोमवारसाठी राखून ठेवली होती. हा तिथं माझ्यासाठी दिवसभर बाहेर ताटकळतो ना."

"मी बघतो गं. कुणाची तरी गाडी मिळेल."

"बघ हं," ती म्हणाली, पोराची समजूत काढावी तशी.

आर्सेनिओ कपाला हात लावेना. तिनं त्याची मूठ उघडली आणि कप हातात दिला.

"पी रे. आता कशासाठी जपून ठेवायची?"