निळा रंग का उडाला
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात सक्करदऱ्याचे खाटीक नत्थूजी मटणाचा तुकडा घेऊन सुमतीच्या अन्न तपासायच्या प्रयोगशाळेत आले. वीज गेल्यामुळे त्यांचा मोठा फ्रीज सकाळभर बंद होता, आणि संध्याकाळी एका लग्नघरी मटण पोचवायचं होतं.

"वास तं येऊन नाही राहिला, बाई. पण लग्नाचं जेवण आहे. पाहून सांगा."

काचेच्या तबकडीत जंतू वाढवून मोजायचे तर दोन दिवस लागत. म्हणून सुमती एक झटपट रीत आजमावत होती. मटण वाटून पाण्यात कालवायचं आणि त्यात निळा रंग टाकायचा. जंतू फार असले की रंग लवकर उडतो. दुधाची परीक्षा अशीच होई.

रंग बघता बघता उडाला.

"देऊ नका," ती म्हणाली.

नत्थूजींनी सगळं मटण पुरून टाकलं. लग्नघरी ऐनवेळी वांग्याची भाजी झाली आणि लोक त्यांना नाही नाही ते बोलले.

सुमतीनं खात्रीसाठी तबकड्याही लावल्या होत्या. त्यांत जंतू जेमतेम उगवले. मटण चांगलं होतं. तिला कोणी विचारणार नव्हतं, तरी ती सायकल काढून दुकानात गेली आणि घडलं ते सांगितलं.

नत्थूजींनी धार लावायची सुरी बाजूला ठेवली. "मग रंग काहून उडाला?"

"तेच कळत नाही."

"ताजं मटण देत जातो. शोधून काढा."

नुकत्याच कापलेल्या बकऱ्याच्या मटणानंही रंग उडाला, तेव्हा तिला उमगलं की मटणाचा स्वतःचा रसच रंग खातो. फ्रीजमधल्या मटणावर जंतू वाढतात ते वरच्या बाजूला. मग आख्खा तुकडा वाटायचा कशाला? तिनं ओल्या कापसानं नुसता वरचा भाग पुसला आणि तो कापूस पाण्यात खळबळला. आता चांगल्या मटणाचा रंग टिकू लागला, मुद्दाम नासवलेल्याचा उडू लागला. पावसाळाभर तिनं तबकड्यांशी ताडून पाहिलं. क्वचितच चुकलं.

एका रविवारी नत्थूजींनी तिला जेवायला बोलावलं. मटण फ्रीजमधलं होतं, तिनंच सकाळी कापसानं पुसून तपासलेलं; तबकड्याही लावल्या होत्या. त्यांच्या पत्नी, बायजाबाई, ताट वाढून समोर बसल्या.

"तबकड्या तं परवा सांगतीन म्हणे?"

"हो."

"अन् तुम्ही आज खाता?"

सुमतीनं भाकरी मोडली. घास रश्श्यात बुडवून तोंडात घातला.