फाटकाशी मारलेली हाक

इंग्रजांनी आम्हा वेल्श लोकांकडून 'कॉर्गी' हा शब्द उचलला, तो एका कुत्र्यापुरताच. अनेक असले की आम्ही 'कोर्गून' म्हणतो, तो शब्द मात्र इथंच टाकून गेले. बरंच झालं म्हणते मी. आमच्या खोऱ्यात तो घरात खुशाल बोलतात, पण डोंगराच्या फाटकाशी उभं राहून कुणी ओरडत नाही. धुक्यात तर नाहीच नाही. तिथं एकेकाला नावानं हाक मारायची. नावानं बोलावलेलं परत येतं. सगळ्यांना मिळून बोलावलं, की आपले नसलेलेही येतात.

गेल्या महिन्यात एका सकाळी शब्दकोशवाली बाई आली, असेच शब्द टेप करायला. दारात तिनं नाव सांगितलं. मी किटली उतरवत होते, कोण लक्ष देतंय!

"मिसेस प्रोबर्ट, फाटकाशी जाऊन हाक मारून दाखवा ना. मोकळ्यावरचा आवाज हवाय मला."

"चहा घे नि गप बस. धुकं उतरलंय."

"अय्या, भुताखेतांवर विश्वास आहे तुमचा?"

"माझा नाही, नेलचा आहे." माझी म्हातारी कॉर्गी टेबलाखाली घुसून बसली होती.

ती खो खो हसली. मी चिडून पाठ फिरवली, तेवढ्यात ही गेलीसुद्धा बाहेर. फाटकाशी खणखणीत ओरडली, "कोर्गून!"

डोंगरापलीकडून भुंकणं आलं, कानठळ्या बसवणारं. मग हळूहळू कमी झालं.

"लांब गेले वाटतं," धुक्यातून तिचा आवाज आला.

त्या आपल्या नसलेल्यांचं सगळं उलटं. लांब असले की गरजतात, जवळ आले की आवाज बारीक होतो. तेवढ्यात नेल बाहेर धावली. "नेल! नेल!" ओरडले, तशी ती वळून आली. पण त्या पोरीला काय म्हणून बोलवू? "अगं ए! बाई!" एवढंच ओरडत राहिले.

धुकं विरलं तेव्हा फाटकाशी फक्त तिचं यंत्र पडलं होतं. पोलिसांनी तीन दिवस डोंगर पालथा घातला. टेपच्या सुरुवातीलाच तिचा आवाज होता, "मी रोझामंड थ्वेट." एवढंसं नाव, आणि मला ऐकून घेता आलं नाही! आग लागो माझ्या तोऱ्याला.

तेव्हापासून रोज फाटकाशी उभी राहते. "रोझामंड! ये गं घरी!" पहिल्या दिवशी सारा डोंगर भुंकला. आज त्यांचं भुंकणं नेलच्या श्वासाहूनही हळू आहे. आत जायला हवं, कळतंय मला. पण मी हाक थांबवली तर ती यायची कशी?