नारळ माझ्या डोक्यावर फोडू नका

मित्रांनो, मी एक जुनं डिझेल इंजिन आहे. जुनं खुशाल म्हणा, भंगार म्हणू नका. मला भंगार म्हणणाऱ्यांची यंदाच मी चांगली जिरवली आहे.

माझा मुक्काम दुधनीजवळ, बिरप्पा मेंढपाळाच्या विहिरीवर. एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर आणि बाजूला हे भलंमोठं चाक. बिरप्पाच्या वडिलांनी मला सोलापूरहून ट्रकात घालून आणलं. तीस वर्षं मी इथलं पाणी उपसलं, ज्वारी भिजवली, मेंढरं पाजली. बिरप्पाची बायको फुलाबाई लग्न होऊन आली आणि महिन्याभरात मला हँडल मारायला शिकली. माझा आवाज जरा बदलला तरी चुलीपुढून उठून यायची.

मानही होता बरं का. दर खंडेनवमीला हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि नारळ. नारळ कुठं फोडायचा? तर माझ्याच डिझेलच्या टाकीवर. टाकीचं झाकण केव्हाच हरवलेलं, तोंडात चिंधी कोंबलेली. नारळाचं पाणी चिंधीतून थेट माझ्या पोटात. असं वर्षानुवर्षं चाललं. मला बोलता येत असतं तर एकेकाला चांगलं सुनावलं असतं.

शेवटी मी धूर ओकत बंद पडलो. का पडलो, हे कुणी विचारलं नाही. विजेची मोटार आली आणि चार वर्षं माझ्यावर कोंबड्या बसल्या. नारळ मात्र एकदाही चुकला नाही.

यंदा एप्रिलात गावाची डीपी जळाली. वीज यायला पंधरा दिवस लागतील म्हणाले. विहिरीत पाणी होतं, पण ऐंशी मेंढरांना पोहऱ्यानं ते किती पुरणार? ओढून ओढून फुलाबाईच्या तळहातांना फोड आले. चौथ्या दिवशी बिरप्पा म्हणाला, “शनवारी भंगारवाला येतोय. इंजिन त्याला देऊ, आन सोमवारी मेंढरं बाजारात.”

“मेंढरं इकून मग करायचं काय?” फुलाबाई म्हणाली. “इंजिन बसलंय, मेलं न्हाय. शनवारपतूर मला बघू द्या की.”

ती एसटीनं दुधनीला गेली आणि वीरभद्रप्पाला घेऊन आली. हा सत्तरी ओलांडलेला मिस्त्री. त्याला आता कमी दिसतं, पण बोटांना सगळं कळतं. त्यानं आधी टाकीचा खालचा नट सोडला. लालसर गंजकं पाणी भळाभळा बाहेर आलं, त्यात नारळाच्या शेंड्या.

“नोडव्वा,” तो फुलाबाईला म्हणाला, “बघ. हे डिझेल हाय का तीर्थ?”

बिरप्पा उठून मेंढरांकडे गेला.

मग मला खोललं. पिस्टन आत चिकटून बसला होता. रात्रभर वर डिझेल ओतून ठेवलं, सकाळी लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकला, तेव्हा कुठं मी तो सोडला. सहज सोडायला मी काय लेचापेचा आहे? वीरभद्रप्पानं सिलिंडरच्या आत नख फिरवलं आणि म्हणाला, “नख कुटं अडकत न्हाय. लई चांगला माल हाय.” मित्रांनो, चार वर्षांत मला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

नव्या रिंगा आल्या, पंप आणि नोझल साफ झालं. व्हॉल्व्ह घासायचं काम फुलाबाईनं घेतलं. ताकातली रवी फिरवावी तसा तो दोन्ही तळहातांत धरून फिरवत राहिली, फोड फुटले तरी.

शनिवारी सकाळी टेम्पो दारात आला. भंगारवाला दोर घेऊन उतरला. फुलाबाईनं हँडल मारलं. नुसता पांढरा धूर. पुन्हा मारलं. तोही नाही.

“काकू, सोडा आता,” तो हसत म्हणाला.

मला असा राग आला म्हणून सांगू. तिसऱ्यांदा चाकाला वेग आला, तिनं लिव्हर पाडला, आणि मी असा काही दणका दिला की टेम्पोवर चढून बसलेल्या कोंबड्या उडाल्या. धक, धक, धक. पाइपातून आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी आलं. मेंढरं हौदावर तुटून पडली. टेम्पो रिकामाच परत गेला.

बिरप्पा घरात धावला आणि नारळ घेऊन आला. डोळे भरलेले. हात वर केला, तो नेमका माझ्या टाकीवर. फुलाबाईनं त्याचं मनगट धरलं.

“तितं दगडावर फोडा,” ती म्हणाली. “आन दुधनीहून येताना टाकीला झाकण घेऊन या.”

त्यानं दगडावर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा वीरभद्रप्पाला दिला.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर हळद-कुंकू लावा, मी नको म्हणत नाही. पण त्या दिवशी ऑईलही बदला. आणि ते बंद पडलं तर भंगारवाल्याला बोलवण्याआधी एकदा खोलून तर बघा.