सेनापतींचे शेवटचे शब्द

मूकपटाच्या पाट्या रंगवणाऱ्या बाईला सगळा स्टुडिओ पाटीताई म्हणायचा. काळ्या पुठ्ठ्यावर पांढरी अक्षरं काढायची, त्यांचं चित्रण झालं की फिल्मचा तो तुकडा योग्य जागी जोडायचा, हे तिचं काम. यंदाचा चित्रपट सेनापतींवर होता. वीस वर्षांपूर्वी त्यांनी ज्या शिपायाच्या मांडीवर प्राण सोडला, तो शिपाई म्हणजे तिचे वडील. तोफांनी त्यांचे कान गेले होते, पण सेनापतींचे शेवटचे शब्द पक्के लक्षात होते: "पुरे झालं. पोरांना घरी न्या." नटाकडून त्यांनी ते घोटून घेतले होते.

चित्रण संपलं आणि प्रचार खात्याचे साहेब उगवले. सरकारला नवं युद्ध काढायचं होतं, त्यासाठी पोरं हवी होती. साहेबांनी पाटी बदलली: "शेवटच्या माणसापर्यंत लढा."

"पण नट दुसरंच बोलतोय," पाटीताई म्हणाली.

"मूकपटात ओठ कोण बघतं, ताई? लोक पाटी वाचतात."

ओठ कोण बघतं म्हणे! तिच्या घरात बहिरे वडील वीस वर्षं दुसरं काय करत होते? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नकार दिला तर दुसरा कुणीतरी रंगवणारच. म्हणून तिने मुकाट्याने पाटी रंगवली, अगदी सुबक. साहेबांनी खूश होऊन पुठ्ठ्यावर सही ठोकली.

पाटी सावकाश दोनदा वाचून होईल एवढी फिल्म ठेवायची, असा धंद्यातला रिवाज. साहेबांना तो कुठून ठाऊक असणार? तिने कात्री घेतली आणि पाटीची फिल्म बोटभरच ठेवली. नटाच्या चेहऱ्याला हात लावला नाही.

पहिल्या खेळाला मंत्र्यांपासून भरतीच्या वयाच्या पोरांपर्यंत झाडून सगळे आले. पाटी कधी आली नि कधी गेली, कुणाला कळलंच नाही. "काय म्हणाले, काय म्हणाले," अशी कुजबुज सुरू झाली. पडद्यावर ओठ हलतच होते. पुढच्या रांगेत वडील उभे राहिले आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात त्यांनी सगळ्या थिएटरला सांगितलं, "पुरे झालं. पोरांना घरी न्या."

साहेब धापा टाकत यंत्राच्या खोलीत पाटीताईसमोर आले. "फिल्म कुणी कापली?"

"मी." तिचा आवाज हलला नाही.

"उद्याच्या उद्या नवी पाटी रंगवायची. नाहीतर नोकरी गेली समज."

"सेनापतींचे शब्द द्या," ती म्हणाली, "आत्ता रंगवते."